मधुकाकांच्या तापाचं नाव

माझं शिक्षण हिंदीत झालं, मराठी लिहायची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, पण तेवढ्यावर मधुकाकांविषयी लिहायला बसणं हे धाडसच. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. काकूंनी मात्र बजावलंय, "खरं तेच लिही."

मधुकाका माझ्या वडिलांबरोबर धारहून पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्टच्या बसने जायचे. त्यांना एचआयव्ही आहे हे काकूंना आणि वडिलांनाच माहीत होतं. मी देवासला जंतुशास्त्र शिकायला लागलो, म्हणून मलाही सांगितलं. ताप हटेना, वजन उतरलं, तेव्हा काकांनी सगळीकडे "टीबी आहे" असं सांगून टाकलं. डॉक्टरांनाही टीबीच वाटला होता. औषधं सुरू झाली, आणि काका स्वतःच बाजूला झाले... बसमध्ये शेवटची सीट, ऐन थंडीत उघडी खिडकी, घरी वेगळं ताट. लहानग्या लेकीला, छकुलीला तर जवळही येऊ देईनात.

ताप तसाच राहिला. शेवटी इंदूरला रक्त कल्चरला, म्हणजे त्यात कुठला जंतू वाढतो ते बघायला दिलं. बऱ्याच आठवड्यांनी रिपोर्ट आला, तेव्हा मी सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, हा जंतू टीबीच्या कुळातला, पण टीबी नाही. माती-पाण्यात असतो, प्रतिकारशक्ती खचली की शरीरात शिरतो. औषधं वेगळी लागतील. आणि हा एकापासून दुसऱ्याला होत नाही.

मला खुर्चीत बसवेना! आमच्याकडे भैयाचं 'भिया' होतं; काका माझा हात दाबत म्हणाले, "भिया, परत विचार. पोरीला जवळ घेऊ?"

डॉक्टर हसले. "अभी जाके लीजिए."

त्या संध्याकाळी छकुली त्यांच्या ताटात जेवली. आम्ही सगळे उगाचच हसत होतो, काकूंनी दोनदा शिरा केला.

पण कॉलनीत कुजबुज सुरू झाली, "टीबी असून पोरीला भरवतो!" उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. नवीन औषधांनी ताप उतरला, काका कामावर गेले आणि बसमध्ये उभे राहिले. वडील अजून तो प्रसंग सांगतात. "टीबी नहीं है मेरे को. एचआयव्ही है. ये बुखार उसी से आया, किसी को लगता नहीं. अब खिड़की बंद करो."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "अरे भिया, तो इतने दिन हमको ठंड में क्यों मारा?"

त्यानंतर काका दोन हिवाळे आमच्यात होते. परीक्षेच्या दिवसांत होस्टेलवर वडिलांचा फोन आला. "मधू गेला रे..." मग म्हणाले, "अख्खी शिफ्ट आलीय. खांदा द्यायला माणसं भांडतायत. तू निघ."