कंबरेआधी मान पाहणारे खोंडे सर

डॉ. खोंडे सरांची आणि माझी पहिली ओळख वादावादीनेच झाली. भूलतज्ज्ञ म्हणून मी त्यांच्या रुग्णालयात नुकतीच रुजू झाले होते. टेबलावर भिवापूरच्या शेवंताबाई होत्या. जुन्या संधिवाताने बोटं वाकडी झालेली, कमरेतला मणका सरकून नस दबलेली. सकाळपासून उजवं पाऊल उचललं जात नव्हतं. जितका उशीर होईल तितकं ते पाऊल कायमचं जाण्याची भीती होती. मी औषध भरून तयार होते, तेवढ्यात सरांनी विचारलं, "यांच्या मानेचा एक्स-रे कुठे आहे?"

"सर, पाऊल जातंय. मानेसाठी वेळ कुठे आहे?" मी फणकाऱ्यानेच म्हटलं.

"संधिवात कमरेपाशीच थांबतो, असं त्याने तुम्हांला लिहून दिलंय का?" एवढं बोलून सरांनी शस्त्रक्रिया थांबवली. मला भयंकर राग आला.

एक्स-रे आला आणि माझा राग जागच्या जागी जिरला. मान वाकवली की वरचा मणका घसरत होता. भूल देऊन श्वासाची नळी घालायला नेहमीसारखी मान मागे केली असती, तर बाई टेबलावरच गेल्या असत्या. आता ती नळी बाई जाग्या असतानाच, दुर्बिणीतून पाहत घालायची होती आणि दुर्बीण सदर भागातल्या दुसऱ्या रुग्णालयातून यायची होती.

"डॉक्टरसायेब, काहून थांबून राहिले? माहा पाय चालला नं!" शेवंताबाई रडत होत्या.

सर त्यांच्या उशाशी बसले. "बाई, घाई केली तं जीवावर बेतन. पायाचं काय होईन, सांगता येत नाही. पण मी इथून हलत नाही."

दुर्बीण आली. सरांनी दोन्ही हातांनी बाईंची मान धरली आणि मी नळी सरकवू लागले. खोकल्याची एक उबळ आली तेव्हा मी नळी जागीच थांबवली. सरांचे हात तसूभरही हलले नाहीत.

शस्त्रक्रिया पार पडली, पण संधिवाताच्या औषधांमुळे जखम सुकेना. सर रोज सकाळी, रविवारीसुद्धा, स्वतः पट्टी बदलत. वॉकरची मूठ बाईंच्या वाकड्या बोटांत बसेना, तर सरांनी इतवारीच्या बाजारात हिंडून जाड रबर आणलं आणि स्वतःच गुंडाळलं.

पाऊल मात्र पुरतं परतलं नाही, आजही बाई ते जरा ओढतच चालतात. सरांनी ते लपवलं नाही. माझ्यादेखत बाईंना म्हणाले, "त्या दिवशी थांबलो म्हणून हे राहिलं असन. निर्णय माझा होता."

बाई म्हणाल्या, "ओढून का होईना, चालून राहिली नं मी! नाही तं तुमच्याशी भांडाले कोन आलं असतं?"

सर हसले नाहीत. त्यांची नजर बाईंच्या पावलावर होती.

सरांच्या पंचाहत्तरीच्या समारंभाला शेवंताबाई येणार आहेत, व्यासपीठाच्या पायऱ्या चढून सरांना शाल देणार आहेत. टाळ्या वाजतील तेव्हाही सर त्यांचं पाऊलच पाहत असतील, हे मी आजच सांगते. सर, तुम्हांला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. तुमची ती नजर आम्हांला अजून पुष्कळ वर्षं हवी आहे.