हळू मारा, समोर व्याही आहेत

व्याह्यांचा पुढचा दात मी पाडला, हे खरं आहे. पण तो बसवलेला होता, आणि पॉइंट आमचाच होता.

आमची केतकी तेव्हा सासर सोडून दोन महिने नाशकात आमच्याकडे येऊन राहिली होती. नवऱ्याशी भांडण. कारण दोघांनाही नीट आठवेना. 'आधी सॉरी कोण म्हणणार' यावर सगळं अडलेलं! शेवटी सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, घोटीच्या व्याही-विहीणबाईंना रविवारी जेवायला बोलावलं. जेवणाआधी गंगापूर रोडच्या कोर्टवर थोडं पिकलबॉल, म्हणजे लाकडी बॅट आणि प्लास्टिकच्या बॉलचं छोटं टेनिस. (कल्पना माझी. खेळताना माणसं मोकळी होतात म्हणे!)

"पण हळू मारा," सुनंदा म्हणाली. "बॉलही आणि टोमणेही."

हळू मारणं हीच तर माझी अडचण! कोच रोज सांगायचा, "काका, मनगट सैल सोडा. बॉल नेटपलीकडे अलगद पडला पाहिजे, उशीवर ठेवल्यासारखा." पंधरा दिवस मी बेडरूमच्या भिंतीवर अलगद मारत होतो. शेजाऱ्यांनी दोनदा येऊन विचारलं, "बोअरवेल घेताय का?" (आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.)

रविवारी आम्ही दोघं एकीकडे, व्याही-विहीणबाई नेटपलीकडे. आणि मला जमलं! बॉल नेटपलीकडे टपकन पडायचा, व्याही धापा टाकत पुढे धावायचे. मग सुनंदा मागे मारायची, की ते मागे पळायचे.

"बाबा, अहो, दमले ते!" केतकी बाकावरून ओरडली.

मी कशाला ऐकतोय! शेवटचा पॉइंट उरला होता. व्याह्यांनी थकून एक बॉल उंच, सोपा दिला. माझं मनगट पंधरा दिवसांचं सगळं विसरलं. सण्णकन हाणला!

व्याह्यांनी तोंडावर हात धरला. हात काढला तेव्हा दात हातात. आणि मी विचारलं, "अंगाला लागला की पॉइंट आपलाच ना?"

"आधी सॉरी म्हणा!" सुनंदा कडाडली.

"पण ते एवढे पुढे आलेच कशाला?"

केतकी माझ्याकडे बघतच राहिली. "मी कोणावर गेलेय ते आज कळलं," एवढंच म्हणाली. सासऱ्यांच्या ओठाला रुमाल लावून तिनं त्यांना गाडीत मागे बसवलं आणि शेजारी स्वतः बसली. गाडी विहीणबाईंनी काढली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिची बॅग दुसऱ्या दिवशी जावई घेऊन गेले. पाच जणांच्या पुरणपोळ्या आम्ही दोघांनी तीन दिवस खाल्ल्या, एक शब्द न बोलता.

मुलीचा संसार सावरला, पण त्याचं श्रेय मला कोणी देईना. शेवटी मीच घोटीला फोन करून व्याह्यांना तसं स्पष्ट सांगितलं. दिवाळीला फराळाचं बोलावणं आलं. एकट्या सुनंदाला.