खुटबावच्या नवरीसाठी मीठ

जामखेडहून पुण्याची सकाळची गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत आईने दिलेल्या दशम्या होत्या आणि एक जुनी सुती साडी. "तेलाचे डाग पडतील, चांगलं काही आणू नकोस," असं सुजाताने फोनवर बजावलं होतं.

सुजाता माझी कॉलेजची मैत्रीण. नगरला मुलींच्या सरकारी वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. दोघीही बौद्ध वस्तीतल्या, दोघींच्याही घरात आमच्याआधी कुणी पदवी घेतलेली नव्हती. त्या वसतिगृहाने दोन वेळचं जेवण आणि अभ्यासाला शांत कोपरा दिला, म्हणून मी आज हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. हे मी संधी मिळेल तिथे सांगते, तसं इथेही सांगितलं.

सुजाताने मात्र वेगळी वाट धरली. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात स्पा होता. स्पा म्हणजे तेल, लेप, वाफ देऊन त्वचेची निगा राखायची जागा. तिथेच ती काम शिकली आणि तिथेच नोकरीला लागली. नवरा रांजणगावच्या कारखान्यात पाळीवर, लहान मुलगी शिरूरला आजीजवळ, आणि ही मुलीला भेटणार फक्त सुट्टीच्या दिवशी. शेवटी मोठी रजा काढून तिने शिरूरला पार्लर सुरू केलं. भुवया कोरायला बाया येत होत्या, पण तेवढ्यावर पार्लर चालत नाही. अशात दौंड तालुक्यातल्या खुटबावहून, एका बागायतदाराच्या घरून निरोप आला: लग्नाच्या मुलीला अंगभर मिठाचं स्क्रब (तेलात कालवलेल्या मिठाने अंग घासणं) करायचं आहे. हे काम पसंत पडलं तर त्या भागातल्या नवऱ्यामुली येणार होत्या. नाही तर रजा संपली की सुजाता पुन्हा पुण्याला, हॉटेलात. मला शाळेला सुट्टी होती. मदतीला म्हणून निघाले.

घोड नदीचा पूल ओलांडला की शिरूर. उन्हाळ्यामुळे नदीत खडकच जास्त दिसत होते. स्टँडवर सुजाता उभी होती, कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्या माणसांच्या गर्दीत मला शोधत.

"वंदे, किती काळी पडलीस गं!"

"उद्या घास मग मलाही."

"तुला मीठ पुरायचं न्हाई," ती म्हणाली आणि माझी पिशवी ओढून घेतली.

संध्याकाळी तिच्या पार्लरच्या मागच्या खोलीत आम्ही सामान केलं. खडेमीठ मिक्सरमधून जेमतेम फिरवायचं, अगदी पीठ होऊ द्यायचं नाही. त्यात खोबरेल तेल आणि वरून थोडं लिंबाच्या सालीचं. मला वाटलं होतं, मीठ लावलं की त्वचा कोरडी पडेल. सुजाताने समजावलं की मीठ फक्त वरची मेलेली त्वचा काढतं, तेल मागे राहतं. हात हलका आणि गोल फिरवायचा. तोंडाला लावायचं नाही. खरचटलं असेल किंवा त्याच दिवशी केस काढले असतील तिथेही नाही. धुताना कोमट पाणी घ्यायचं, साबण अजिबात नाही. हे सगळं ती एका दमात बोलली आणि मग अचानक म्हणाली, "सगळं येतं गं मला. लोकं येत्याल का, तेवढंच कळत न्हाई."

दुसऱ्या दिवशी न्हावऱ्यामार्गे केडगावला जाणारी एसटी धरली. मिठाचा डबा मांडीवर होता, झाकणातून थोडं तेल पाझरत होतं. कंडक्टरने वास घेतला.

"काय हाय यात?"

"मीठ," मी म्हणाले.

"एवढं? लोणचं घालाय निघाला व्हय?"

"नवरीला लावायचं हाय," सुजाता म्हणाली.

"आन् मुरवायची किती दिस?" त्याने विचारलं. मागच्या बाकावरचे एक आबा पटक्याचं टोक तोंडाला लावून इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढे न्हावऱ्यापर्यंत गाडीत कैरी, नवरी आणि सासू याच विषयावर चर्चा चालली. आम्हीही हसत होतो.

पारगावजवळ भीमेचा पूल लागला. तिथून पुढे दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्येमध्ये गुऱ्हाळांची धुराडी. केडगावला उतरून वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप) केली. ड्रायव्हरच्या शेजारी एक बाई कोंबडी घेऊन बसली होती. तिने माझ्या पायाशी डबा ठेवायला जागा करून दिली, पण कोंबडीने माझ्या साडीची चांगली दशा केली. जुनी साडी आणण्याचा सल्ला असा वेगळ्याच कारणाने उपयोगी पडला.

खुटबावचं घर स्लॅबचं, नवं, ओसरीला हिरवी फरशी. मांडवाचे खांब रोवून झाले होते. नवरीचं नाव पल्लवी, बारावी झालेली, हसरी. मिठाच्या स्क्रबबद्दल तिने मासिकात वाचलं होतं आणि हट्ट धरला होता. घर चालवायच्या मात्र तिच्या थोरल्या काकू. अंगाने भक्कम, कपाळाला मोठं कुंकू, आवाज शेतातून हाक मारून कमावलेला.

"हळद लावायची सोडून मीठ कुठनं काढलं ह्या पोरीनं!" त्यांनी आमच्याकडे बघत म्हटलं. "या, बसा. पाणी घ्या."

पाणी तांब्याभांड्यातून आलं, आम्ही प्यायलो. मग सुजाताने डबा उघडला. हॉटेलात शिकवलेली एक रीत होती: आधी थोडं मीठ पाहुण्याच्या तळहातावर ठेवायचं, कण किती बारीक आहे ते त्याला बोटाने पाहू द्यायचं, म्हणजे भीती जाते. तिने चिमूटभर घेतलं आणि काकूंच्या हाताकडे हात नेला.

काकूंनी हात झटकन मागे घेतला. पदराखाली नेला.

सुजाता तशीच राहिली, हात पुढे, चिमटीत मीठ. तिचा चेहरा उतरला. तिला काय वाटलं ते मला सांगावं लागणार नव्हतं, कारण मलाही तेच वाटलं. वरून ओंजळीत ओतलेलं पाणी आमच्या आयांनी प्यायलं होतं. आम्ही शाळेत असताना वहीसुद्धा लांबून टाकली जायची. त्यामुळे मागे गेलेला हात आम्हाला चटकन वाचता येतो. आत्ताच यांच्या घरचं पाणी प्यालो, हेही त्या क्षणी आठवलं नाही. सुजाताने मीठ डब्यात परत टाकलं आणि झाकण शोधू लागली. झाकण तिच्या गुडघ्याशीच होतं.

"अगं बया," काकू म्हणाल्या, "मीठ हातात देत्यात व्हय कुणी? भांडान हुतं! आन् लगीनघर हे, आत्ता कुठं आपली वळख झाली. खाली ठेव, मंग घेते मी."

पल्लवी फस्सकन हसली. "काकू ना, आईच्या हातूनबी मीठ घेत न्हाई."

"तुझ्या आईसंगं तर अजिबात न्हाई. एकदा घेतलं हुतं, तवा वरीसभर बोललो नव्हतो."

मीठ हातात देऊ नये हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. माझी आईसुद्धा वाटी खाली ठेवते. पण त्या क्षणी दोघींनाही ते सुचलंच नाही, सुचलं ते दुसरंच. सुजाताने मीठ ताटलीत घालून फरशीवर ठेवलं. काकूंनी ते उचललं, चोळून पाहिलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "त्याल लई घातलं."

मग आतल्या खोलीत काम सुरू झालं. मी कोमट पाणी आणून देत होते, पंचे पिळून देत होते. सुजाताचे हात सवयीने चालू लागले: दंड, पाठ, पोटऱ्या, हलके हलके गोल. पल्लवी गुदगुल्यांनी हसायची आणि काकू दाराशी बसून सूचना द्यायच्या. धुऊन पुसल्यावर पल्लवीने स्वतःच्या हातावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग म्हणाली, "काकू, बघ ना."

काकूंनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पदर खोचला आणि आपले दोन्ही हात सुजातापुढे केले. "मला बी लाव."

त्यांचे तळवे कांदा काढून काढून फाटले होते. सुजाताने ते हात हातात घेतले, उजेडाकडे वळवले. "काकू, भेगा हायेत. मीठ झोंबंल तुम्हाला. नुसतं तेल चोळते."

"चोळ. तुला कळतं."

ती चोळत राहिली. काकूंनी भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. बाहेर मांडववाले हाका मारत होते, पण काकू उठल्या नाहीत.

जेवायला पिठलं, भाकरी, आणि शेजारच्या गुऱ्हाळातली काकवी (गूळ होण्याआधीचा दाट पाक) होती. काकू आमच्याच पंगतीला बसल्या. उठताना सुजाताला म्हणाल्या, "माझी भन कासुर्डीला दिलीय. तिच्या पोरीचं लगीन हाय पुढं. तुझा फोन लिहून दे."

परतीला मी दौंडहून नगरची रेल्वे धरणार होते. सुजाता दौंडपर्यंत आली. स्टेशनबाहेर आम्ही भजी खाल्ली. हॉटेलच्या नोकरीबद्दल ती म्हणाली, "सोमवारी फोन करून सांगते, येत न्हाई म्हणून." मग हळूच विचारलं, "वंदे, मी तवा काय समजले ते काकूंना कळलं असंल का गं?"

"नाही," मी म्हणाले. खरं तर मला माहीत नव्हतं.

गाडी सुटली. खिडकीतून दिसणारी काळी रानं पाहताना वाटलं, मागे गेलेल्या हाताला दुसरं काही कारण असू शकतं, हे शिकायला मला इतका प्रवास करावा लागला. सगळीकडे ते कारण मिठासारखं साधं असेल, असं मी म्हणणार नाही. पण इथे तसं होतं, आणि ते पाहायला मी तिथे होते, याचं मला समाधान आहे.

घरी पोचले तेव्हा आई धान्य निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं: कंडक्टर, कोंबडी, नवरी. मिठाची गोष्ट सांगताना ती ऐकत होती, सूप हातात तसंच. मी थांबले तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मंग नंतर त्या बाईनं हात दिला का तिच्या हातात?"

"दिला," मी म्हणाले. "दोन्ही दिले."