लानच्या आईसाठी घर

माझ्या नवऱ्यालाही हे माहीत नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही मला नीटसं कळत नाहीये.

लान माझी मैत्रीण. व्हिएतनामची. तिथल्या युद्धानंतर लोक बोटींतून देश सोडून पळत होते, तेव्हा आईने लहानग्या लानला मावशीबरोबर बोटीत बसवून दिलं, स्वतः मात्र मागे राहिली. इथे इंग्लंडमध्ये आल्यावर सरकारने त्या निर्वासितांना देशभर विखरून टाकलं — काही कुटुंबं इथे, काही तिथे — तशी ती लीड्सला आली आणि इथलीच झाली.

आणि मग, दोन हजार सालानंतर, तिची आई इंग्लंडमध्ये पोचली. आश्रय मिळाला. राहायला जागा सरकार देणार होतं, पण कुठे, ते सरकारच ठरवणार. लान माझ्या ऑफिसात शिरली तीच रडत, हसत. तिची स्वतःची एकच खोली, म्हणून आईला जवळपास घर हवं होतं. निर्वासितांसाठी सरकारच्या वतीने जागा शोधणाऱ्या एका लहानशा संस्थेत मी काम करायचे. म्हणजे ते माझ्याच हातात होतं.

तिला मिठी मारताना मला काय वाटत होतं, विचाराल? जळत होते मी. माझी आई पुण्यात एकटी, तिचा व्हिसा पुन्हा नाकारलेला. आम्ही रीतसर आलो, नवरा इथल्या हॉस्पिटलमध्ये राबतो — आणि आई मिळाली कुणाला? लानला! तिने उभं बालपण आईवाचून काढलं होतं, हे मला आठवलं नाही का? आठवलं. तरीही.

लंडनमधल्या क्रॉयडनच्या सरकारी कचेरीतून, लानच्या आईसाठी, एका अधिकाऱ्याचा फोन आला. मुलगी लीड्सला आहे म्हणतात, तिथे जागा आहे का?

होती. लानच्या मागच्याच रस्त्यावर, तळमजल्याचा फ्लॅट — छान ऊन येणारा. मी आदल्याच दिवशी बघून आले होते.

"सॉरी, सध्या काहीच नाही," मी म्हटलं. इतक्या सहज.

म्हातारीला दूर, समुद्राकाठच्या एका गावात धाडलं. तिची भाषा बोलणारं तिथे कुणी नव्हतं. लान दर रविवारी गाड्या बदलत जायची. आई पडदेच उघडत नाही, म्हणायची — समुद्र दिसतो म्हणून. मी एक फोन केला असता तर तिला इकडे आणता आलं असतं. नाही केला. आधी जळफळाट होता, मग भीती — आपलं खोटं उघडं पडेल याची.

त्या हिवाळ्यात म्हातारी घरात पडली. शेजाऱ्यांना तिचा आवाज ऐकू येत होता, पण शब्द कळेनात. स्वतःशीच बोलत असेल, असं वाटलं त्यांना. लान पोचली तोवर सगळं संपलं होतं.

अंत्यविधीनंतर तिने माझा हात घट्ट धरला. "मीनल, तू तरी प्रयत्न केलास गं."

"हो," मी म्हटलं.

आणि ती रडत होती तोवर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.