पोटात अडकलेला कॅमेरा

“कॅमेरा आतच अडकलाय,” एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले. म्हणाले तेही माझ्या मुलाला. पोट माझं, कॅमेरा माझ्या पोटात, आणि मी तिथेच खुर्चीवर बसलेली!

अंगातलं रक्त सारखं कमी होत होतं, म्हणून कॅप्सूल एन्डोस्कोपी केली होती. म्हणजे मोठ्या गोळीएवढा कॅमेरा गिळायचा. तो आतड्यातून फोटो काढत जातो आणि एक-दोन दिवसांत शौचावाटे पडतो. माझा पडलाच नाही. त्याला स्वतःची चाल नसते, आतडंच त्याला ढकलतं. वाट अरुंद असेल, तर आतल्या अस्तराला घासत तो तिथेच रुतून बसतो. याला कॅप्सूल रिटेन्शन म्हणतात. नाहीच निघाला, तर पोट फाडायचं.

“अम्मा, टेन्शन नक्को लेओ,” डॉक्टर हसून म्हणाले. का नको घेऊ? पोट काय तुमचं फाडणार होते?

खरी चीड तर पुढेच आली. दुसरं मत घ्यायला आम्ही शहरातल्या आबिड्स भागात एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मुलाला हातानेच थांबवून त्यांनी मला विचारलं, “आप बोलो अम्मा, दर्द की गोली खाते क्या?”

खाते की! गुडघ्यांसाठी, कित्येक वर्षं, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणून. बाई म्हणाल्या, या गोळ्यांनी आतड्यात जखमा होतात, त्या भरताना वाट आवळते. अशा पेशंटला आधी पेटन्सी कॅप्सूल देतात, म्हणजे अडकली तरी आत विरघळून जाणारी नकली गोळी. ती अख्खी बाहेर पडली, तरच खरा कॅमेरा.

पहिल्या डॉक्टरांनीही विचारलं होतं, कोणती औषधं चालू आहेत. मुलाने परस्पर सांगून टाकलं, “कुछ नहीं.” शुगर नाही, बीपी नाही, म्हणजे औषध नाही! आमच्या घरांत गुडघ्याची गोळी औषधात धरतच नाहीत, ती चहासारखी. मी तोंड उघडलं तर म्हणाला, “आई, थांब ना, मी बोलतोय.” आणि डॉक्टरांनी माझ्याकडे मानसुद्धा वळवली नाही. दोघांचाही मला संताप आला. अजून येतो.

बलून एन्टेरोस्कोपीने, म्हणजे तोंडातून लांब नळी आतड्यापर्यंत नेऊन, बाईंनी कॅमेरा ओढून काढला आणि आवळलेली जागा मोकळी केली. पोट वाचलं. त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. तुम्हाला कुणी हा कॅमेरा गिळायला सांगितला, तर खाता ती प्रत्येक गोळी स्वतःच्या तोंडाने सांगा.

परवा तपासणीला गेले, तर शेजारी एक आजी याच टेस्टसाठी बसलेल्या. सिस्टरने औषधांचं विचारलं. सून फोनमधून मान वर न काढता म्हणाली, “कुछ नहीं खाते.”

माझा पारा चढला. “सिस्टर, ठैरो. उनकू पूछो!”

आजींनी पर्स उघडली. आत गुडघ्याच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी होती.

“ये कब से?” सून किंचाळली.

“बहुत साल हो गए,” आजी म्हणाल्या. “कौन पूछा मेरेकू?”