पाना नेला की चिठ्ठी

शेजारचे काका जवाहरनगरच्या फॅक्टरीत फिटर होते. तिथे अवजार घेताना आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवावा लागे. अजूनही माझा पाना नेला की त्या जागी आपल्या नावाची चिठ्ठी लावतात.

फिटरकीचा ऑनलाइन कोर्स विकायला काढला तेव्हा त्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याच्या व्हिडिओवर त्याचाच मोबाइल नंबर फिरत ठेवला. एकाने तेच व्हिडिओ फुकट ग्रुपवर टाकले. आठवड्यात तो दारात उभा.

"सर, लोकं दिवसभर मलेच फोन करून शंका विचारून राहिले."

"मंग सांग ना त्याहिले. नंबर तर तुयाच आहे."

त्याने तिथेच बसून सगळे व्हिडिओ काढून टाकले.

संध्याकाळी काका पाना परत द्यायला आले. चिठ्ठी काढताना चक्क शीळ घालत होते.