काचेआतल्या बाळांच्या मथुराबाई

मथुराबाईंच्या तोंडी लागू नका, असं बडोद्याच्या त्या दवाखान्यात लिफ्टवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे सांगायचे. मी लागलो. मला गोष्टी सांगायची खोड आणि त्यांना त्या मध्येच तोडायची.

करजणजवळच्या आमच्या गावी शाळा सातवीपर्यंतच. तेवढ्या शिदोरीवर मी नंदेसरीच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, आणि सुटल्यापासून लोकांचे कान खातोय. चौऱ्याण्णव सालच्या मार्चमध्ये माझ्या सुनेला, निरुपमाला, महिनाभर आधीच मुलगा झाला. मूठभर जीव. त्याला लगेच काचेच्या पेटीत ठेवला. आत सोळा बाळं, एक सिस्टर आणि एक आया. बाहेर बाकावर मी, माझा मुलगा आनंद आणि बाकीच्या पंधरा बाळांचे नातलग. एवढे श्रोते मला जन्मात मिळाले नव्हते. माझे पणजोबा गायकवाड सरकारच्या पागेत होते. त्यांचा घोडा नदीत बसला ती गोष्ट मी रंगात येऊन सांगत होतो, तोच समोर फिनेलची बादली आदळली.

"घोडा उठला की सांगा. तोवर पाय वर घ्या."

त्याच मथुराबाई. पन्नाशी उलटलेली, कासोटा घट्ट, हात चुन्यासारखे पांढरे पडलेले. मी म्हटलं, "बाई, तुम्ही कुठल्या?"

"पाणीगेटच्या. आमचे आजोबाही फौजेतच होते. पण त्यांचा घोडा उभा असायचा."

बाकावरची माणसं खो खो हसली. अशी आमची ओळख.

आयाचं काम म्हणजे लंगोट धुणं, फरशी पुसणं, निरोप देणं. पण मथुराबाई येता-जाता प्रत्येक पेटीपाशी थांबायच्या. थांबायच्या म्हणजे पाहायच्या. नुसतं पाहायच्या. सिस्टर मंदाकिनी ओरडायची, "मावशी, पोतेरं सुकतंय!" या म्हणायच्या, "सुकू दे." मला वाटायचं, कामचुकार बाई आहे.

पाचवा दिवस उजाडला. पाचवीचा दिवस. बाळ पेटीत असलं तरी घरी आमच्या सौभाग्यवतींनी पाटा-वरवंटा मांडून पूजा केली, सटवाईसाठी कोरा कागद ठेवला. सटवाई येते, कपाळावर लिहून जाते, आणि झोपेत बाळाला खेळवते, हसवते, हे आम्ही आईच्या मांडीवर असल्यापासून ऐकलेलं. पूजेचा अंगारा पुडीत घेऊन मी दहा वाजता काचेशी गेलो. पाहतो तर काय! चार दिवस मेणाच्या बाहुल्यासारखा पडलेला आमचा नातू ओठ चाटत होता, मचमच करत होता. पाय असे चालले होते, जणू सायकल मारतोय. डोळे एका बाजूला लागलेले, तिथे कोणी उभं असावं तसे. माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचा हो! मी काचेला कपाळ टेकून हात जोडले.

तिथून जो सुटलो तो वरच्या मजल्यावर निरुपमाकडे. "सूनबाई, तुझा लेक सटवाईशी खेळतोय! सायकल चालवतोय!" पाच दिवसांत ती पोर पहिल्यांदा हसली. उठून बसली, भाकरी खाल्ली. मग मी बाकावर आलो आणि तीच गोष्ट सगळ्यांना सांगितली, दर वेळी थोडी वाढवून. एका गुजराती आजीने माझ्या हातावर साखरही ठेवली.

बारा वाजता मथुराबाई पिळलेले लंगोट घेऊन आल्या. मी म्हटलं, "बाई, आज माझी गोष्ट तोडायची नाही," आणि सांगितली.

त्यांनी तोडली नाही. पूर्ण ऐकली. मग विचारलं, "किती वाजता?"

"दहाला."

"आणि तुम्ही आता सांगताय?"

लंगोटांचं घमेलं तिथेच टाकून त्या आत पळाल्या. मीही काचेशी गेलो. सिस्टर दुसऱ्या बाळाची शीर शोधत होती. तिने मान वळवून आमच्या पेटीकडे पाहिलं. बाळ शांत झोपलेलं, रंग गुलाबी. "मावशी, ठीक आहे तो. तुम्ही बाहेर व्हा." मथुराबाई बाहेर झाल्या नाहीत. स्टूल ओढून पेटीशी बसल्या. आयाने स्टुलावर बसायचा रिवाज तिथे नव्हता.

दहा मिनिटं गेली असतील. पुन्हा ओठ हलले. पुन्हा पाय. मथुराबाईंनी पेटीच्या खिडकीतून हात घातला आणि बाळाच्या पोटरीवर तळवा ठेवला, अगदी अलगद. नुसती थरथर असली तर धरल्यावर थांबते, हे मला नंतर कळलं. तळव्याखाली तो पाय चालतच राहिला.

"मंदाकिनी! धरलं तरी थांबत नाही!"

मग मी जे पाहिलं ते कुणाला पाहायला लागू नये. डॉक्टरीणबाई धावत आल्या. सुई दिली. पाय थांबले, आणि पाव तासाने परत सुरू झाले. दुसरी सुई दिली. या वेळी ओठ निळे झाले, छाती हलायची थांबली. सिस्टरने तोंडावर रबरी फुगा लावून दाबायला सुरुवात केली. टाचेतून रक्त काढलं. आनंद रक्ताची बाटली मुठीत धरून तपासणीच्या खोलीकडे पळाला, जिन्यात पडला, पण बाटली वर धरून पडला. निरुपमाला कोणी सांगायचं? कोणी सांगितलं नाही. ती वर बसून टोपडं विणत होती.

डॉक्टरीणबाई दारात आल्या. "दादा, आ खेंच छे. आकडी. नवजात बाळाची आकडी अशीच दिसते, मोठ्या माणसासारखी नाही. सकाळपासून कोणी काही पाहिलं होतं?"

सगळा बाक माझ्याकडे बघत होता.

"दहाला पाहिलं," मी म्हटलं. "मला वाटलं, खेळतोय."

त्यांनी कागदावर वेळ लिहिली. आनंदने माझ्याकडे पाहिलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि मला वाटलं, त्याने मला चार लोकांत मारलं असतं तर बरं झालं असतं.

रक्ताचा कागद आला. कॅल्शियम तळाला गेलेलं. ते शिरेतून द्यायचं, पण जरा घाई झाली तर काळीज बंद पडतं. डॉक्टरीणबाई एका हाताने सुई इवलीइवली दाबत होत्या, दुसऱ्या हाताने छातीवर नळी धरून ठोके ऐकत होत्या. मध्येच थांबायच्या. आमचे श्वासही थांबायचे. मी खिशातली अंगाऱ्याची पुडी मुठीत इतकी आवळली की कागद फाटला.

साडेचारला आकडी थांबली.

"मेंदूला इजा?" आनंदने विचारलं.

"ते आज कोणीच सांगू शकत नाही. मान कधी धरतो, बसतो कधी, ते पाहायचं."

"दहालाच कळलं असतं तर?"

डॉक्टरीणबाई पेटीकडे वळल्या. दोन दिवस मी बाकावर बसलो, पण तोंड उघडलं नाही. ती गुजराती आजी म्हणाली, "दादा, पेला घोडानी वात करो ने." घोड्याची ती गोष्ट हवी होती तिला. मी नाही म्हणून मान हलवली.

आकडी परत आली नाही. त्यानंतर चौथ्या दिवशी बाळ आईच्या अंगावर प्यालं. मी पेढे घेतले आणि मथुराबाईंना शोधू लागलो. सिस्टर म्हणाली, "मावशी दोन वाजता घरी जातात. एक मिनिटही थांबत नाहीत." मी पत्ता घेऊन पाणीगेटला गेलो.

एकच खोली. खाटेवर एक बाई आडवी. बाई कसली, तिशीची मुलगी. हातपाय आखडलेले, मान एका बाजूला. मथुराबाई तिला मऊ खिचडी भरवत होत्या.

"ही कमला. माझी थोरली. या, बसा. घोडा कुठे बांधलात?"

माझ्याने हसवेना. मी पेढ्यांचा पुडा पुढे केला, आणि तिथेच उभा राहिलो.

"पाचवीलाच सुरू झालं होतं हिचंही," त्या घास भरवता भरवता बोलल्या. "अशीच मचमच, असेच पाय. तीन दिवस चाललं. आम्ही हसत होतो भाऊ. सासूबाईंनी सगळ्या आळीत साखर वाटली. चौथ्या दिवशी काळी-निळी पडली, तेव्हा दवाखाना आठवला."

"मग तुम्ही तिथेच नोकरी धरलीत?"

"झाडू मारायची जागा निघाली होती. म्हटलं, आत तरी जाता येईल."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी झिडकारलं. "उठा. सांगितलंत तरी. दोन तासांनी का होईना. तुमची जीभ गप्प राहत नाही म्हणून कळलं. हिला पेढा द्या. कुस्करून. घाई करू नका, गिळायला वेळ लागतो."

मी कुस्करला. कमलाने तोंड उघडलं. अर्धा आत गेला, अर्धा माझ्या बोटांवर राहिला.

चौथ्या महिन्यात नातवाने मान धरली नाही. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आलेलं मूल आहे, थांबा. मी त्या महिन्यात रोज पहाटे त्याला पालथा घालायचो, समोर खुळखुळा वाजवायचो, आणि जमिनीला टेकलेल्या त्या इवल्या नाकाकडे बघत बसायचो. आनंद दारातून पाहायचा आणि कामाला निघून जायचा.

पाचव्या महिन्याच्या शेवटी त्याला घेऊन मी पाणीगेटला गेलो. मथुराबाईंनी हात पुसले, त्याला कमलाशेजारी खाटेवर निजवलं, त्याचे दोन्ही हात धरले आणि हळूच वर ओढलं. डोकं मागे लोंबलं. मग डुगडुगलं. मग खांद्यांच्या रेषेत आलं आणि तिथेच राहिलं.

"परत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. पुन्हा निजवलं, पुन्हा ओढलं. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा डोकं वर आलं.

त्यांनी त्याला माझ्या मांडीवर दिला. "चहा ठेवते," म्हणाल्या आणि पडद्याआड गेल्या. स्टो पेटल्याचा आवाज आला नाही. मी पडद्याकडे पाठ केली, आणि त्यांना हाक मारली नाही.